दोन विती पांढरं कापड

२४ ऑगस्ट

माझ्या छत्रीवर अन्याय झाला आहे. या घरात न्याय मागायला जागा नाही, म्हणून तो इथे नोंदवतो.

दांडा खाली आणि घुमट वर, ही छत्रीची व्याख्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. माझी छत्री गेले काही दिवस शीर्षासनात आहे. तिच्या पोटात आरचाच्या झाडाच्या काट्यांचा चुरा, कोळी, मुंग्या आणि ज्यांची ओळख करून घेण्याची मला मुळीच हौस नाही असे पुष्कळ जीव वावरतात. संध्याकाळी ती अंगणात झटकली जाते आणि सकाळी पुन्हा टेकडीवर नेली जाते. ही छत्री मी नाशिकहून आणली. उन्हाळाभर इथे थेंब पडत नाही, तरी मी ती उन्हासाठी वापरतो. त्यावरून 'हिंदी माणूस स्वतःचा तंबू बरोबर घेऊन फिरतो' असं किर्गिझस्तानातल्या या आरचा-बुलाक गावात पंचवीस वर्षं म्हटलं जात आहे. तेही मी सोसलं. पण शीर्षासन नाही.

याला कारण आमची नवी भाडेकरीण. बुरुलचा, बिश्केकच्या विद्यापीठातली, चाळिशीची, उंच, आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नसलेली. पतंगांचा अभ्यास करते. मी तिला सांगितलं, की संस्कृतात पतंग म्हणजे किडाही, पक्षीही आणि सूर्यही. ती म्हणाली, "बायके, मला त्यातला सगळ्यात लहान पाहिजे. छत्री द्या."

(बायके म्हणजे इथे दादा. लग्न झालं त्या वर्षी अख्खं गाव मला "बायके, बायके" करायचं आणि मी दर वेळी वळून तुर्सुनायकडे, माझ्या बायकोकडे, बघायचो.)

पद्धत अशी. आरचाच्या फांदीखाली छत्री उलटी धरायची आणि फांदीवर काठीनं हलकेच मारायचं. वर जे काही बसलेलं असेल ते खाली येतं. साऱ्या विज्ञानात इतकी सोपी गोष्ट दुसरी नसेल. पण काठी तिची आणि छत्री माझी.

२६ ऑगस्ट

छत्रीवर नजर ठेवायला टेकडीवर गेलो.

ज्याच्यासाठी ही धडपड चालली आहे तो पतंग बुरुलचानं कागदावर काढून दाखवला. अंगठ्याच्या नखाएवढा. राखाडी, त्यावर बारीक नागमोडी रेघा, चारी पंख सपाट पसरून आरचाच्या सालीवर असा बसतो, की कुणी तिकीट चिकटवून ठेवावं. या उंचीवर, या जुन्या आरचांतच सापडतो. खाली अक्रोडाच्या रानात नाही, वर गवताळ उतारावरही नाही.

"मग त्यात शोधायचं काय राहिलं?" मी विचारलं.

"याची अळी कुठली ते कुणाला ठाऊक नाही. या आरचावर हिरव्या अळ्या मिळतात, पांढऱ्या पट्ट्याच्या. माझा अंदाज आहे की त्या याच्याच."

"अळीला विचारायचं."

"विचारलंय. वसंतात सांगते म्हणाली."

म्हणजे अळी पकडायची, मातीच्या डब्यात ठेवायची, ती मातीत शिरून कोष करणार, हिवाळाभर तिथे पडून राहणार, आणि पुढच्या वर्षी त्यातून जे बाहेर येईल ते उत्तर. माझ्या वर्तमानपत्राचे संपादक माझ्या पाक्षिक पत्रासाठी इतके दिवस थांबले असते तर मीही उत्तम लेखक झालो असतो.

आरचा म्हणजे आमच्या आयुर्वेदाच्या निघंटूतली हपुषा, इंग्रजीतलं जुनिपर. हे कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून इथे लिहिलं. झाड आपल्या माणसांसारखं, जमिनीलगत वाकडंतिकडं वाढून बसलेलं. शंभर वर्षांत मांडीएवढं जाड होत नाही. कुठल्याही घरात कुणी आजारी पडलं, पाळणा हलला, नवं माणूस आलं, की हिचीच डहाळी जाळून धूर फिरवतात. आमची सासू महिन्यातून चारदा फिरवते. तिचं नाव अझार. इथे त्याचा अर्थ रूप असा आहे. मराठी कानाला तो आजार वाटतो, आणि बाई ऐंशी वर्षांत एकदा शिंकलेली नाही.

आमच्या लेकीचा, मीरिमचा, फोन आला होता. बरी आहे म्हणाली. सातवा संपत आला. डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं आहे. मागच्या खेपेला बाळ सातव्यातच गेलं होतं.

छत्रीची एक काडी वाकली आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज घरात शास्त्र विरुद्ध शास्त्र असा सामना झाला.

गुरुवारी संध्याकाळी आपा (सासूला मीही आपाच म्हणतो) कढईत तेल तापवून बोरसोक तळते. कणकेचे हे चौकोन खायला जिवंत माणसं असतातच, पण तेलाचा वास गेलेल्यांसाठी असतो. त्या वासावर ती घरी येऊन जातात. आमच्याकडे पिंडाला कावळा शिवावा लागतो. इथे नुसत्या वासावर भागतं, हा मला नेहमीच सोयीचा धर्म वाटत आला आहे.

तर तळण चाललेलं असताना खिडकीतून एक पतंग आत आला आणि भिंतीवर सपाट बसला. राखाडी, नखाएवढा. बुरुलचा बरणी घेऊन उठली.

"अगं ए, ती बाटली ठेव खाली," आपा म्हणाली.

"आपा, हाच तो! याच्यासाठीच तर मी आलेय."

"तू याच्यासाठी आलीस, हा आमच्यासाठी आलाय. गुरुवारचा पाहुणा आहे."

"कशावरून?"

"तेलाचा वास सुटल्यावर कोण येतं? घरचं माणूस."

"पतंगाला तळणाचा वास कळत नाही हो. तो उजेडाला येतो."

"मेल्यावर तूही उजेडालाच येशील. तेव्हा तुला कुणी बाटलीत घातलं तर?"

मी मध्यस्थी केली. म्हटलं, आधी हा पूर्वज कुणाकडचा ते ठरवू. माझे आजोबा तळणाच्या वासावर गंगा ओलांडून आले असते. आपानं भिंतीजवळ जाऊन, डोळे बारीक करून, पुष्कळ वेळ पाहिलं.

"तुमच्याकडचे नव्हेत," ती म्हणाली. "तुमच्याकडची माणसं धिप्पाड असणार. हा केवढासा आहे."

मग तिनं चिमूटभर पीठ त्याच्यावर भुरभुरलं, ओंजळीत धरून खिडकीबाहेर सोडलं आणि "जा बाळा," म्हणाली. तुर्सुनाय कढईकडे पाठ करून उभी होती, ती वळलीच नाही. बोरसोक करपले.

बुरुलचा रात्रीचं जेवली नाही. मी तिच्या बशीत साय वाढली आणि म्हटलं, उद्या बाहेर दुसरा मिळेल, शुक्रवारी ते कुणाचे पूर्वज नसतात, सरकारी असतात. (ता. क. सकाळी खरंच मिळाला, गोठ्याच्या दारावर.)

२ सप्टेंबर

छत्री सुटली!

बुरुलचाची तक्रार अशी, की छत्री काळी, तिच्यात लहान अळ्या आणि काट्यांचा चुरा वेगळा दिसत नाही. खाली पांढरं, लांबरुंद कापड अंथरायला हवं. तुर्सुनायच्या सगळ्या चादरींवर गुलाब आहेत. त्या गुलाबांत अळी टाकली तर अळीलाच घेरी येईल.

"पांढरं माझ्याकडे आहे," आपा म्हणाली.

तिनं पेटी उघडली. वर शाली, रुमाल, तिच्या मयताला येणाऱ्यांना वाटायची कापडं, आणि तळाशी घडी घातलेलं पांढरंशुभ्र सुती. स्वतःचं कफन. इथल्या प्रत्येक म्हातारीच्या पेटीत ते असतं आणि प्रत्येक म्हातारी ते वर्षातून एकदा उन्हात घालते. इतक्या वर्षांत मीही त्याच्याकडे सतरंजीसारखं बघायला शिकलो आहे. पण अळ्या झेलायला?

"आपा, हे कसं घेणार?" बुरुलचाचाही आवाज उतरला.

"का? रिकामंच पडलंय. मला लागेपर्यंत काम करू दे त्याला. घरात कुणी फुकट बसत नाही, एक जावई सोडला तर."

"मी लिहितो, आपा."

"तेच म्हटलं मी."

तुर्सुनायनं कपाळाला हात लावला. पण कापड गेलं टेकडीवर. मागोमाग गाढवावर बसून आपाही गेली, कारण आपलं कापड परक्याच्या हाती सोडायचं नसतं. तुर्सुनाय मात्र दवाखान्यात गेली. ती तिथली सुईण आहे. या गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. आज कुणाचं तरी होतं.

छत्री धुऊन वाळत घातली आहे. दांडा खाली.

५ सप्टेंबर

आज जे घडलं ते मला गमतीचं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. का, ते नीट सांगता येत नाही.

जुन्या आरचाखाली कापड अंथरलं होतं. आपा कडेला मांडी घालून, पहारेकऱ्यासारखी. बुरुलचानं फांदीवर काठी मारली आणि एक अळी नेमकी कापडाच्या टोकाला पडली. अंग सावरलं आणि काठाकाठानं निघाली. या अळीला मधले पाय नसतात. पुढचं टोक रोवायचं, मागचं ओढून त्याला भिडवायचं, पाठीची कमान करायची, पुन्हा पुढचं टोक फेकायचं. आमच्याकडचे शेतकरी असल्या अळीला उंटअळी म्हणतात. इथे खरा उंट आहे, म्हणून असेल, तिला वीत-अळी म्हणतात. हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं वीत टाकत जावं, तशी ती चालते. वामनानं तीन पावलांत त्रैलोक्य मोजलं त्याचं कौतुक होतं, पण असं चिकाटीनं मोजण्याचं धैर्य त्याला झालं नसतं. हे मी मोठ्यानं म्हणालो. कुणी हसलं नाही.

आपाचे ओठ हलत होते. अळी मोजत मोजत थोडी गेली, थांबली, पुढचं अंग उचलून काडीसारखी ताठ उभी राहिली. मग वळली आणि आली तशी परत. बुरुलचानं तिला डबीत उचललं. आपानं अळी थांबली होती तिथे बोट ठेवलं, आणि टोकापासून तिथपर्यंत स्वतःची वीत टाकून पाहिली. दोन विती. बोट काढण्याआधी तिनं तिथे आरचाचा एक काटा टोचून ठेवला.

इथे म्हणतात, वीत-अळी कापडावर चालली की कुणाचं तरी माप घेते. मला हे माहीत होतं. म्हणून घरी आल्यावर तिला हसवायला म्हटलं, "आपा, घाबरू नका. अळीनं मोजलेल्या दोन विती कापडात तुमचा एक पायसुद्धा मावायचा नाही!"

आपानं माझ्याकडे पाहिलं. तुर्सुनायच्या हातातला पेला खाली पडला, फुटला नाही. ती तो उचलायला वाकली ती बराच वेळ वर आली नाही.

९ सप्टेंबर

आपा जेवत नाही. पेलाभर चहात भाकरी बुडवते आणि ती भाकरी मोयनोकला टाकते. मोयनोक हा आमचा कुत्रा, चार दिवसांत दीडपट झाला आहे.

मी निदान केलं आहे : बाईला वाटतं, अळीनं तिचं माप घेतलं. तिनं मरायचं मनावर घेतलेलं दिसतं. आणि तिनं एखादी गोष्ट मनावर घेतली की ती होते. माझं लग्नही असंच झालं.

बुरुलचाला अपराधी वाटतं आहे. आज तिनं आपासमोर डबीतली अळी धरली. "हे बघा आपा, ती मोजत नाही. मधे पाय नाहीत म्हणून तशी चालते. दुसरं चालताच येत नाही तिला."

"तुला मधे पाय आहेत?"

"नाहीत."

"मग तू का नाही मोजत चालत?"

विद्यापीठानं डबीचं झाकण लावलं.

मीही प्रयत्न केला. म्हटलं, ती वळून परत गेली, म्हणजे माप रद्द केलं. शिंपीही चूक झाली की फीत मागे घेतो. आपा म्हणाली, "जावईबापू, तुम्ही चांगले आहात." या घरात माझी अशी स्तुती झाली की समजावं, माझं काही चुकलेलं आहे.

मीरिमचा फोन. आवाज लांबून आल्यासारखा. रशियातलं नोवोसिबिर्स्क लांबच आहे म्हणा. तिला इस्पितळात ठेवून घेतलं आहे, 'नुसतं लक्ष ठेवायला'. एर्मेक, आमचा जावई, रात्रपाळी करून सकाळी तिच्याजवळ जाऊन बसतो. तुर्सुनाय फोनवर तिच्याशी दोन मिनिटं बोलली आणि तिथल्या नर्सशी दहा मिनिटं, रशियनमध्ये, धंद्यातल्या शब्दांत. मग म्हणाली, "सगळं ठीक आहे." ज्या आवाजात ती दवाखान्यात बाहेर बसलेल्या नवऱ्यांना सांगते, त्या आवाजात.

छत्रीची वाकलेली काडी आज मी सरळ केली. हे काम अर्धा दिवस चाललं.

१३ सप्टेंबर

मी गाढव आहे. तेही मुळातच, भाष्यासकट.

संध्याकाळी तुर्सुनाय गोठ्याच्या पायरीवर बसली होती. मी म्हटलं, "आपाला एकदा ओशला मोठ्या डॉक्टरकडे नेऊ. मरणाची भीती बसलीय तिच्या मनात."

"आपाला? मरणाची?" ती हसली. फार दिवसांनी हसली, पण ते हसू मला आवडलं नाही. "अहो, तिनं कफन अळ्यांना अंथरायला दिलं. तिला कसली भीती?"

"मग?"

"दोन विती कापड कुणाला लागतं?"

मी गुडघ्यावर दोन विती टाकून पाहिल्या.

"माझं नाव काय आहे?" तिनं विचारलं.

तुर्सुनाय. 'तुर्सुन' म्हणजे राहो. राहा, थांब, जाऊ नकोस. मला हा अर्थ पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी तो एका लेखातही घातला होता, की आमच्याकडे मुलं जगत नसली की धोंडू, दगडू, केरबा ठेवतात, आणि इथे राहो, थांबो ठेवतात, बघा मानवजात कशी एक. लेख बरा झाला होता. पण जगली नाहीत ती कोण, हे मी या घरात कधी विचारलं नव्हतं. दोन होती. तुर्सुनायच्या आधी. पहिल्याला नावही ठेवलं नव्हतं. आपानं त्याला स्वतःच्या ओढणीतून कफन फाडून दिलं, दोन विती. तेवढंच माप आता अळीनं घेतलं, आणि तिकडे मीरिम इस्पितळात.

गुरुवारी ज्याला पीठ भुरभुरून बाहेर सोडलं त्याला ती "जा बाळा" म्हणाली होती. मी ते ऐकलं होतं. लिहूनही ठेवलं होतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी आपानं पेटी उघडली आणि कापड काढून अंगणात उन्हात बसली. आरचाचा काटा तिथेच टोचलेला होता. तिनं काट्यापाशी काठ दातांत धरला, थोडं चिरलं आणि हातांनी टर्रकन फाडलं. कफनाला कात्री लावत नाहीत, फाडतात. मी धावलो. मला वाटलं, झालं, हिनं हात टेकले.

"आपा!"

"ओरडू नका. कोंबड्या बिथरतात."

"हे काय करताय?"

"सदरा." तिनं तो तुकडा मांडीवर पसरून सारखा केला. "अळीनं माप घेतलं ना? घेतलं. मी पाहिलंय, तुम्ही पाहिलंय. पण कशाचं घेतलं ते तिनं सांगितलं का?"

"नाही."

"मग मी सांगते. सदऱ्याचं."

इथे बाळाचा पहिला सदरा एखाद्या पिकल्या माणसाच्या कापडाचा करतात, म्हणजे त्याचं वय कापडातून उतरतं. तो आधी कुत्र्याच्या गळ्यात बांधतात, जे काही वाईट यायचं ते कुत्र्याकडे जावं म्हणून, आणि मग बाळाला घालतात. त्याला म्हणतातच कुत्र्याचा सदरा. कफनातून काढलेला मात्र आजवर कुणी ऐकला नसेल. शेजारची कान्यश्काय कुंपणापाशी उभी होती, तिनं तोंडात मारून घेतली.

"अझार आपा, कफनातलं? बाळाला?"

"मग? या कापडाला वर्षानुवर्षं वाट बघायची सवय आहे. इतकं टिकाऊ तुझ्या घरात काय आहे?"

मी विचारलं, "आणि तुमचं? तुम्हाला कमी पडेल ना."

"मी दर वर्षी आखडतेय. तेवढं पुरेल."

तुर्सुनाय दारात आली होती. ती खाली बसली आणि तिनं आईच्या मांडीवरच्या तुकड्यावर हात ठेवला. सुईदोरा आणायला मी उठलो, तर आपा म्हणाली, "शिवायचं नाही. रडल्याशिवाय शिवत नाहीत." न जन्मलेल्याचं शिवणं चालत नाही, आधी त्याचा रडण्याचा आवाज कानावर आला पाहिजे. तोवर हा तुकडा नुसता तुकडा. सदराही नाही आणि दुसरं काही नाही.

दुपारी आपा भाकरी जेवली. मोयनोक ताटाशी बसून राहिला, त्याला हा बदल पसंत नव्हता. त्याच्यावर कोणती जबाबदारी येऊ घातली आहे, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी बोरसोक. खिडकी उघडी होती. कुणी आलं नाही. बुरुलचानं बरणी खोलीतून बाहेरच आणली नव्हती.

२२ सप्टेंबर

पहाटे दहिवर गोठलं. टेकडीवर काठी मारली तर नुसता चुरा पडतो. अळ्या उतरून मातीत गेल्या. बुरुलचा उद्या जाणार. तिच्या डब्यांतल्या अळ्यांनीही माती गाठली आहे. डबे बिश्केकला नेले तर बसच्या हादऱ्यानं बिघडतील, शिवाय तिथल्या घरात ऊब फार. म्हणून निदान एक डबा ती आमच्या ओसरीवर ठेवून जात आहे.

"हलवायचा नाही," ती मला सांगत होती. "उघडून बघायचं नाही. माती कोरडी पडू द्यायची नाही, फार ओलीही नाही. घरात उबेला आणायचा नाही."

"आणि आत काय चाललंय ते कसं कळणार?"

"नाही कळणार."

"जिवंत आहे की नाही, तेही?"

"तेही. बायके, काही करायचं नाही, हेच करायचं. तुम्हाला जमेल."

आपा म्हणाली, "त्यातच तर त्यांचा हात धरणारा कुणी नाही."

दुपारी एर्मेकचा फोन आला. मीरिमला रक्त गेलं. थांबलं आहे. पण डॉक्टर म्हणतात, कदाचित वाट बघता येणार नाही.

२३ सप्टेंबर

तुर्सुनाय गेली. ओशहून दुपारचं विमान होतं. बुरुलचाला तिकडूनच जायचं होतं, दोघी एकाच गाडीत बसल्या.

निघताना आपानं घडी केलेला तुकडा तुर्सुनायच्या हातात दिला, मग सुई आणि दोरा काढला. तिला सुईचं नेढं दिसत नाही. तुर्सुनायनं दोरा तीनदा सुईच्या बाजूनं नेला. या हातांनी अर्ध्या गावाच्या नाळा बांधल्या. "जावईबापू, तुम्ही ओवा," आपा म्हणाली. मी ओवला. पहिल्या खेपेला नाही, पण ओवला. सुई तुर्सुनायनं आतून कॉलरला टोचून घेतली.

"रडल्यावर," आपा म्हणाली.

"हो."

"आधी एक टाकासुद्धा नाही."

"नाही, आपा."

"आणि आधी कुत्र्याला. तिथे कुत्रे असतात ना?"

"असतात," मी म्हटलं. "पण तिथे थंडी फार. कुत्र्यांना त्यांचे स्वतःचे सदरे असतात."

आपा हसली. तुर्सुनायही हसली, आणि मग गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी आत जाऊन छत्री आणली. तिकडे आता पाऊस सुरू झाला असणार. ती म्हणाली, "अहो, पण तुमची छत्री." मी म्हटलं, काडी सरळ केली आहे, धरेल.

गाडी वळणाआड गेल्यावर आपानं आरचाची डहाळी पेटवली आणि धूर घेऊन साऱ्या घरातून फिरली, ओसरीवरच्या डब्याभोवतीसुद्धा. मग फोन मांडीवर घेऊन बसली. तो कसा उचलायचा ते तिला येत नाही. मी शेजारी बसलो. अजून वाजलेला नाही.

महिनाभर या वहीत मी छत्रीबद्दल लिहीत होतो. मला मीरिमसाठी भीती वाटते आहे, आणि त्या बाळासाठी. फार वाटते.